चंदेरी रंगाखालची काजळी

आमचं युनिट लडाखला गेलं तेव्हा मी व्हेईकल मेकॅनिक होतो. सुदाम हा युनिटच्या प्रमुखांच्या, सीओ साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर. रँक दोघांचीही नाईक, जिल्हाही दोघांचा बीड. तो कड्याचा, मी चौसाळ्याचा. इतक्या लांब आपली बोली कानावर पडली की घरचं जेवल्यासारखं वाटायचं. त्याचा मुलगा संतोष गेल्या आठवड्यात स्वतःची गाडी घेऊन माझ्या गॅरेजवर आला. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून तो आपल्या तान्ह्या लेकराला जावळासाठी लिंबागणेशला नेणार होता. म्हणून हे सांगायला बसलो.

सकाळी फॉल-इन, मग गाड्या. तेल, पाणी, हवा. वाटेत नाले आडवे यायचे, पाणी सायलेन्सरच्या तोंडात शिरायचं आणि इंजिन बंद पडायचं. म्हणून जीपचा धुराचा पाइप मध्येच कापून, नवा जोड देऊन, बॉडीच्या कडेनं छतापर्यंत वर नेला होता. काम चोख होतं. पण पाइपात जिथं नवा जोड, तिथं गळतीला नवं दार. हादऱ्यानं बोल्ट सैल होतात, जोडाच्या फटीतलं गॅस्केट जळतं आणि धूर टोकाला पोचायच्या आत मधूनच निसटतो. तो जोडापाशी काजळीचा काळा ओघळ सोडतो. डोळे उघडे असले तर तेवढा ओघळ पुरतो.

पण फौजेत इन्स्पेक्शन म्हणजे लग्नघर. दगडांना चुना, झाडांना गेरू, टायरांना पॉलिश. जे हलतं त्याला सॅल्यूट, जे हलत नाही त्याला रंग, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. मी तेव्हा ॲडव्हान्स पार्टीबरोबर पुढच्या पोस्टवर होतो. इकडे सुदामनं जीप नवरीसारखी नटवली. पाइपावरचा काळा ओघळ दिसला, तो त्यानं घासून पुसला आणि वरून चंदेरी रंगाचा हात मारला. साहेबांनी पाठ थोपटली. मी परतल्यावर सुदामनं ते मला आठ वेळा तरी ऐकवलं असेल.

पुढच्याच आठवड्यात गाड्यांचा ताफा, आमचा कॉन्व्हॉय निघाला. दुपारी बर्फ सुरू झालं आणि पुढं कडा कोसळून रस्ता बंद झाला. सीओ साहेब उतरून पायी बघायला गेले. जीपमध्ये सुदाम आणि मागं रेडिओ ऑपरेटर, केरळचा जवान. गारठा असा की काचा बंद आणि हीटरसाठी इंजिन चालू. मी सगळ्यात शेवटी, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत होतो. रेडिओवर सीओ साहेबांच्या जीपला, म्हणजे टायगर वनला, पुकारा सुरू झाला.

"टायगर वन, रिपोर्ट. ओव्हर."

उत्तर नाही.

"टायगर वन, रिपोर्ट. ओव्हर."

मग मला हुकूम आला. "रिकव्हरी, आगे जाओ. चेक करो."

"रॉजर."

मी बर्फातून पळालो. जीपचं मागचं दार उघडं होतं आणि ऑपरेटर बाहेर बर्फात पालथा पडला होता. श्वास चालू होता. सुदाम सीटवर तसाच बसलेला. त्याचा हात चावीवर होता आणि चावी बंद केलेली होती. आम्ही त्याला बाहेर काढलं, छाती दाबली, ऑक्सिजन लावला. तो उठला नाही.

ऑपरेटर शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "सुदामनंच मागं वळून मला लाथ घालून बाहेर ढकललं." मी पाइपावरचा रंग खरवडला. खाली जोडाचा एक बोल्ट गळून पडलेला आणि बाकीचे सैल. तिथून निसटलेला धुरातला बिनवासाचा विषारी वायू बंद जीपमध्ये भरला होता. त्या दिवसापासून मी चंदेरी रंगाचा डबा हातात धरलेला नाही.

आता मी चौसाळ्यात हायवेला गॅरेज चालवतो. हवालदार होऊन रिटायर झालो, पेन्शन आहे, हाताला काम आहे, बायकोचे टोमणे वेळेवर मिळतात. माणसाला आणखी काय लागतं? भिंतीवर सुदामचा वर्दीतला फोटो आहे. गाडीचा धुराचा पाइप तपासताना मी उदबत्ती लावतो. पेट्रोल कुठं झिरपत नाही हे आधी बघायचं. मग थंड इंजिन सुरू करून पाइपाच्या टोकावर ओलं फडकं दाबायचं आणि उदबत्ती एकेका जोडापाशी न्यायची. गळती असली की उदबत्तीचा धूर फुंकर मारल्यासारखा उडतो. उरलेली उदबत्ती मी फोटोपुढं खोचतो. गावाला वाटतं, हवालदार लई देवभोळा हाय. वाटू दे.

संतोषची गाडी लांबूनच ऐकू आली. जाड पाइप, मोठा सायलेन्सर, वर दिव्यांची रांग. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मला कौतुकही वाटलं, कारण नटवायची हौस थेट बापाची होती. खाली वाकलो. पाइपाच्या जोडावर ताजा चंदेरी रंग होता.

"रंग कुणी मारला?"

"मीच. काळं काळं दिसायलं हुतं, काका. उद्या समदे पाव्हणे बघणार."

"गाडीत डोकं दुखतं का?"

"धरायलंय जरा. उनानं आसंल."

"काचा उघड्या असतात?"

"एसी लावल्यावर काच कावून उघडायची?"

किल्ली काढून मी खिशात टाकली. तो चिडला. उद्याचं सगळं ठरलंय, गाडी नंतर बघू म्हणाला. घरी त्याला लहानपणापासून एवढंच ठाऊक होतं की वडील ड्यूटीवर अपघातात गेले. मी त्याला स्टुलावर बसवलं आणि जे वर लिहिलं ते सगळं सांगितलं. चहा तसाच निवला.

त्यानं विचारलं, "बाबांला कळलं हुतं?"

"कळलं होतं. म्हणून तर चावी बंद होती."

"मग आदी सोता कावून उतरले न्हाईत?"

"मागं माणूस होता."

तो उठला. मी काही सांगायच्या आत पॉलिश पेपर घेऊन गाडीखाली शिरला आणि सगळा रंग स्वतः घासून काढला. खाली काजळी निघाली. जड सायलेन्सरचं ओझं त्या जोडावर लोंबकळत होतं, त्यानं जोड उघडला होता. आम्ही नवं गॅस्केट घातलं आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले. सायलेन्सरला रबराचे मजबूत हँगर दिले, हादरा खाणारा लवचीक तुकडा मध्ये बसवला. दिव्यांच्या वायरींसाठी पत्र्याला पाडलेली भोकं, जिथून धूर आत शिरत होता, रबरानं बुजवली. इंजिन तापवून निवू दिलं आणि बोल्ट पुन्हा आवळले. दर सर्व्हिसिंगला हे बघायचं, काजळी दिसली तर पुसायची नाही, आधी माझ्याकडे यायचं, असं त्याच्याकडून वदवून घेतलं.

मग उदबत्ती. प्रत्येक जोडापाशी धूर सरळ वर गेला. मी उरलेली उदबत्ती घेऊन फोटोकडे निघालो, तर संतोषनं ती माझ्या हातातून घेतली. त्यानं ती स्वतः खोचली आणि हात जोडले.

"बाबा, रंग काढलाय," तो म्हणाला.