वडगावात बांधलेली माशी

पुण्याहून निघालो तेव्हा पिशवीत गळ, दोरा आणि कोंबड्याच्या मानेची पिसं होती. पोटात नुसता जळफळाट. दिलीप माझा मासेमारीतला जुना जोडीदार. बेळगावला बदली झाल्यापासून फोनवर त्याच्या तोंडी एकच नाव, तिथल्या वडगावचे मारुती अण्णा. "हातमागावरचा माणूस, पण फ्लाय (गळावर बांधलेली पिसांची नकली माशी) काय सुरेख बांधतो." इतकी वर्षं दिलीपच्या दोरीला फक्त माझी माशी असायची. आता म्हणे, अण्णांना बुडणारी माशी येते, तरंगणारी येत नाही. तेवढी तू येऊन शिकव.

निपाणीला चहासाठी उतरलो. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "पाव्हणं, कुठं निघालासा?"

"बेळगावला, मासे धरायला."

"तेवढ्यासाठी पुण्यासनं?"

तेवढ्यात बस सुटायला लागली. अर्धा चहा टाकून पळालो.

वडगावच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट होता. अण्णांच्या घरात मात्र हातमाग. त्यांच्या पत्नीने, आक्कांनी, चिरमुऱ्यांचा चिवडा पुढे ठेवला. मी करून दाखवलं: गळावर दोऱ्याचे वेढे, शेपटीला पिसाचे चार तंतू, मग पीस उभं धरून माशीच्या डोक्याशी गोल गुंडाळायचं आणि गाठ मारायची. अण्णांनी एकदाच पाहिलं आणि स्वतःचा दोरा घेऊन बसले. त्यांची माशी माझ्याहून देखणी झाली.

"बघितलंस?" दिलीप म्हणाला.

मी आणखीही एक बघितलं होतं. मागावरच्या सवयीने अण्णांनी दोरा आधी खळीतून (सुताला लावायची पेज) ओढून घेतला होता. बुडणाऱ्या माशीला ते चालतं. तरंगणाऱ्या माशीची खळ पाणी पिते आणि माशी तळाला जाते, म्हणून मी माझा दोरा घरूनच मेण लावून आणला होता. हे सांगणं माझं काम होतं. मी चिवडा खात राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं खानापूरजवळ नदीवर गेलो. संथ पाणी, काठाला करंजाची झाडं. दिलीपने अण्णांची माशी फेकली. ती क्षणभर ऐटीत तरंगली आणि बुडाली. पुन्हा फेकली, पुन्हा बुडाली. शेवटी त्याने माझी लावली आणि लगेच मासा लागला. मला झालेला आनंद सांगायची लाज वाटते.

अण्णा ओली माशी बोटांत चोळत होते. "बुळबुळीत लागतंय. सर, मी खळ लावली तवा तुम्ही बघत व्हता न्हवं?"

"व्हय," माझ्या तोंडून त्यांचाच शब्द निघाला.

दिलीपने माझ्याकडे पाहिलं आणि मासा पाण्यात सोडून दिला. अण्णा मात्र खडकावर मांडी घालून बसले. "मग आता सगळं सांगा. पयल्यापासनं."

मी सांगितलं, मेणाचा तुकडाही दिला. त्यांनी तिथंच दुसरी बांधली. ती दुपारपर्यंत दिलीपच्या दोरीला होती आणि एकदाही बुडाली नाही.

संध्याकाळच्या बसमध्ये बसवताना दिलीप "परत कधी येतोस" म्हणाला नाही. माझा हेवा गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. जाताना मी अण्णांच्या हातांवर जळत होतो. येताना त्या "पयल्यापासनं"वर जळत होतो. माझ्याशी कुणी असं वागलं असतं, तर मी त्याच्याकडून पुन्हा शिकायला बसलो नसतो.