हवालदारांची पंगत

"कोई शिकायत?"

आमच्या वसतिगृहातल्या जेवणाच्या खोलीच्या खिडकीत रोज दुपारी हा प्रश्न उभा राहायचा. प्रश्नामागे काळ्याभोर मिशा, ताठ मान आणि जुळवलेल्या टाचा. हात पाठीमागे बांधलेले. आम्ही आत पाटांवर बसलेले सगळे एका सुरात ओरडायचो, "नही साब!" मग मिशांखाली हसू फुटायचं.

पलटणीत म्हणे जेवणाच्या वेळी साहेब लंगरात फेरी मारतो आणि शिपायांना हेच विचारतो. मी एकदा त्यांना म्हटलं, "पण हवालदार, शिकायत असली तर?"

"तरी बी न्हाई म्हणायचं. पर साहेबानं इचारलं पायजे. इचारलं की आमटीला जरा भ्या वाटतं."

एवढं बोलून ते वळायचे आणि ओसरीत जाऊन आपल्या ताटावर बसायचे. कारण ते आमच्यात जेवत नसत. वसतिगृहात पाच अस्पृश्य विद्यार्थी होते आणि त्यांची ताटं बाहेर ओसरीत मांडली जात. आचारी उंबऱ्यात उभा राहून भाकरी वरून टाकी. पाणीही वरूनच. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट इतर ठिकाणी त्यांना राहायलाही जागा मिळत नाही, आपल्याकडे मिळते, याचा आम्हाला अभिमान होता. अशी अभिमानाची माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी त्यांतलाच एक होतो.

लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. सांगलीत कॉलेजच्या मुलांसाठी एक संस्था हे वसतिगृह चालवत असे. हवालदार तिथे आले तेव्हा आम्ही सतरा-अठरा वर्षांचे होतो आणि ते सत्तावीसचे. ब्रह्मदेशात लढून आलेले. पलटणीतच अभ्यास करून मॅट्रिक झालेले. त्यांचं गाव कराडच्या अलीकडे, माझ्या गावापासून दोन कोसांवर. खरं तर ते हवालदार नव्हतेच. "नाईक हुतो. तुमी पोरांनी प्रमोशन दिलं, पगार तेवढा वाढवला न्हाई," असं ते म्हणायचे.

वर्गात ते पहिल्या बाकावर बसत. आमचे इंग्रजीचे प्राध्यापक त्यांच्याहून वयानं लहान. हजेरीत नाव आलं की हवालदार ताडकन उभे राहून "हाजिर, सर!" असं गर्जत, आणि प्राध्यापकांच्या हातातला टाक दचकून कागदावर डाग पाडी. अखेर प्राध्यापक त्यांचं नाव घेण्याआधी टाक खाली ठेवू लागले.

दिवस रेशनचे. ज्वारीऐवजी लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी कातड्यासारखी व्हायची आणि आम्ही नाकं मुरडत ती गिळायचो. हवालदार मात्र ती चवीनं खात. "हे अमेरिकेत घोडी खात्यात. आता परीक्षेत आपुण पळालो न्हाई तर लाज हाय," म्हणायचे.

त्या वर्षी कॉलेजात वक्तृत्वस्पर्धा झाली. विषय होता, अस्पृश्यता हा देशावरचा कलंक. मी बोललो आणि काय बोललो! टेबलावर मूठ आपटली, आवाज चढवला, शेवटी कापरा केला. पहिलं बक्षीस मला मिळालं. टाळ्या थांबता थांबेनात. बाहेर आलो तर हवालदार दारातच उभे. त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरात दाबला.

"भाषण लय झकास झालं. अंगावर काटा आला बगा."

मी फुलून गेलो.

"आता सांजच्याला जेवाय कुठं बसणार?"

मी म्हणालो, "अं... आतच."

"व्हय. आत वारं चांगलं लागतं," ते म्हणाले आणि माझी पाठ थोपटून निघून गेले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला चिडता तरी आलं असतं.

तीन दिवस मला आमटीची चव लागली नाही. चौथ्या दिवशी मी ताट उचललं, उंबरा ओलांडला आणि ओसरीत हवालदारांच्या शेजारी जाऊन बसलो. आचाऱ्याच्या हातातली पळी हवेतच राहिली. मला वाटलं, आता हवालदार मला मिठी मारणार. त्यांनी मला थोडी जागा करून दिली, भाकरीचा घास मोडला आणि शांतपणे म्हणाले, "आलाच हाईसा तर जेवा. पर उद्या येऊ नका."

"का?"

"तुमी भाईर आला म्हंजे काय झालं? भाईरची पंगत एका माणसानं वाढली. आमाला तुमी भाईर नकोय. आमाला आत यायचंय."

एवढी साधी गोष्ट माझ्या बक्षीसपात्र भाषणात कुठेच नव्हती.

तरी लगेच काही झालं नाही. त्याचं कारण मला नंतर कळलं. ओसरीतला शिवा नावाचा तासगावकडचा मुलगा घाबरला होता. तो म्हणाला होता, "हवालदार, तुमी पलटण बघून आलाय. मला इथनं काढलं तर मला परत गावकीच करावी लागंल, मेलेली ढोरं वढायची." त्यावर हवालदारांनी पंधरा दिवस तो विषय काढला नाही. ते रोज संध्याकाळी शिवाला घेऊन कृष्णेच्या घाटावर जात आणि त्याच्याकडून गणितं सोडवून घेत. एका संध्याकाळी शिवाच म्हणाला, "चला, इचारू या." मगच त्यांनी अर्ज लिहिला. वसतिगृहात पंगत एकच असावी, एवढं एकच वाक्य. खाली पाचही सह्या, आणि शिवाची सही सगळ्यांत वर.

रेक्टर तसे भले गृहस्थ. त्यांना भांडण नको होतं. ते म्हणाले, मुलांनीच सभा घेऊन ठरवावं. मुलं नाही म्हणतील आणि आपल्यावर बालंट येणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा. सभेत बरीच भाषणं झाली. हवालदार बोलायला उठले तेव्हा ते म्हणाले, "लढाईत आमच्या खंदकात एकच डबा हुता पाण्याचा. त्यातनं सगळी प्यालो. तवा मरायची घाई हुती म्हणून कुणी इचारलं न्हाई. आता जगायचंय, तर इचारताय व्हय?" आणि खाली बसले. हात वर करायची वेळ आली. माझा हात वर गेला, पण खरं सांगतो, शेजारच्याचा गेल्यावर गेला. ठराव थोडक्या मतांनी पास झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचारी धोतराचा सोगा खोचून चालता झाला. त्याच्यामागे त्याच्या हाताखाली काम करणारा भाऊही गेला. काही मुलांनी शहरातल्या आपापल्या जातीच्या खानावळी गाठल्या. उरलेले आम्ही थंड चुलीकडे बघत उभे. ठरावाला विरोध करणारा एक जण म्हणाला, "घ्या, आता खा तुमची समता!"

हवालदारांनी बाह्या सरसावल्या. "फॉलिन!" ते ओरडले. आम्ही खरोखरच रांगेत उभे राहिलो. कुणाला लाकडं, कुणाला पाणी, कुणाला कांदा. मला भाकरी. जन्मात मी परात हातात धरली नव्हती. माझी पहिली भाकरी पाहून ते म्हणाले, "हा ब्रह्मदेशाचा नकाशा काढलाय का?" दुसरी तव्याला चिकटली. आमटीत मीठ दोघांनी टाकलं, दोघांनीही भरपूर. पण आत, पाटांवर, मिळेल त्याच्या शेजारी बसून आम्ही जेवलो. शिवा माझ्या उजव्या हाताला होता. तो हळूच म्हणाला, "आतनं जेवताना आमटी लय खारट लागती." आणि आम्ही दोघेही ठसका लागेपर्यंत हसलो.

माझा खोलीसोबती गोडबोले हा वाईचा. घरचं सोवळं कडक. तो ना आमच्यात आला, ना खानावळीत गेला. खोलीत बसून चुरमुरे आणि केळी खायचा. काही मुलं त्याची टिंगल करू लागली तेव्हा हवालदार त्यांच्यावर चिडले. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"त्याच्यावर बळजबरी न्हाई. आमाला भाईर बसवलं ती बळजबरी, त्याला आत वढलं तर ती बी तीच." मग मिशीत हसून म्हणाले, "फकस्त चुरमुरे कुणी भाजल्यात ते त्याला सांगू नका. उपाशी मरंल बिचारा."

सहाव्या दिवशी गोडबोले आला. कुणाकडेही न बघता पंगतीच्या टोकाला बसला. आम्ही सगळे श्वास रोखून पाहत होतो. त्यानं घास घेतला, चावला, गिळला आणि म्हणाला, "भाकरी करपली आहे."

हवालदार ताडकन उठले, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. "शिकायत मंजूर!"

त्या दिवशी जेवणाची खोली जशी हसली तशी पुन्हा कधी हसली नाही. गोडबोलेही हसला. नंतर भाकऱ्या तोच थापू लागला आणि, नवल म्हणजे, आमच्यात त्याचाच हात सगळ्यांत चांगला निघाला. महिन्याभरात गेलेल्यांपैकी बरेच परत आले. पुढे दुसरा आचारीही मिळाला. कामावर घेताना त्याला पंगत आधी दाखवली होती.

बातमी अर्थातच माझ्या गावी पोचली. सुट्टीत गेलो तर आईनं मुकाट्यानं माझं ताट ओसरीत वाढलं. आठ दिवस मी तिथे एकटा जेवलो. आत भावंडं हसत-बोलत जेवायची, त्यांचे आवाज ऐकू यायचे. वर्षभर एकाच छपराखाली राहून जे मला कळलं नव्हतं ते त्या आठ दिवसांत कळलं. नवव्या दिवशी आईच म्हणाली, "ये आत. मला तितवर वाढाय यायचा कट्टाळा आलाय." तिचे डोळे भरले होते. मी हवालदारांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आठ दिस? गड्या, तुझी आई लय मायाळू." तोवर ते मला 'तुमी' म्हणायचे. त्या दिवसापासून 'तू' म्हणू लागले.

जूनमध्ये आम्ही नव्या वर्षाला परत आलो. हवालदारांच्या हातात वसतिगृहाचं पत्र होतं. जागेअभावी प्रवेश देता येत नाही. बाकीच्या चौघांना प्रवेश होता, शिवालाही.

मी संतापलो. संप करू, जेवण बंद करू, रेक्टरांच्या दारात बसू, असं काय काय म्हणालो.

"आन् सैपाक बंद पडला की पैल्यांदा काय मोडंल? पंगतच मोडंल," ते म्हणाले. "ती राहू दे. मी काय, कुठं बी जेवीन." पत्राची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

ते वर्ष त्यांनी गावाबाहेरच्या वस्तीत एका नातेवाइकाकडे राहून काढलं. इंटर पास झाले. पुढे शिकायची फार इच्छा होती, पण घर होतं, बायको होती. पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावी शाळेत मास्तर म्हणून लागले. मला कधीमधी कार्ड यायचं. "मुलं हुशार आहेत. पाऊस फार. आमच्या लोकांना पाणी ओढ्याचं. विहिरीसाठी अर्ज दिला आहे." पुढच्या कार्डात, "दुसरा अर्ज दिला आहे." त्याच्या पुढच्यात, "पाचवा."

बी. ए.ची परीक्षा दिल्यावर मी न कळवता त्यांच्या गावी गेलो. हवालदार घरी नव्हते. त्यांची बायको दारात आली. मी नाव सांगितलं तशी तिनं पदर सावरला.

"ते सातारला गेल्यात, कचेरीत. आज येत्याल न्हाईतर उद्या. आवं, पर जेवल्याबिगर जाऊ नगासा. मलाच रागं भरत्याल."

मी जेवायला बसलो. नाचणीची भाकरी, माठाची भाजी आणि मिरचीचा ठेचा. दारात वस्तीतली चार-पाच माणसं गोळा झाली. कुणी बोलत नव्हतं. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. तिनं विचारलं, "आनखी वाढू?" मी ताट पुढे केलं. तेव्हा एक म्हातारा "खरंच जेवतोय की रं!" असं म्हणाला आणि सगळे एकदम बोलू लागले.

शेवटची मोटार चुकवून चालणार नव्हतं. निघालो. उतारावरच्या एका अरुंद वळणावर समोरून वर येणारी मोटार थांबली आणि आमच्या मोटारीला वाट देऊ लागली. तिच्या मागच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. हातात गुंडाळलेला कागद. मागोमाग मिशा, आणि मग सगळं तोंड. त्यांनी मला ओळखलं होतं. ते काहीतरी ओरडत होते, पण दोन्ही इंजिनांच्या घरघरीत एकही शब्द ऐकू येईना. मी कानाला हात लावला. त्यांनी कागद आणखी जोरात हलवला आणि मनापासून हसले.

विहीर मंजूर झाली असावी. नाकारलेल्या अर्जाला कुणी असं हसत नाही. पण त्यांचं काय सांगावं? त्यांना सहाव्या अर्जाचा मायनाही तेवढ्यात सुचला असेल. मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकून पाहत राहिलो. धुरळ्यात त्यांची मोटार वर चढत गेली, आणि तो पांढरा कागद वळण येईपर्यंत हलत होता.