मराठीत नसलेला अहवाल

यंत्रं आल्यावर कामगारांचं काय झालं, यावर मी संशोधन करत होतो. बिबवेवाडीतल्या लहान कारखान्यांच्या कामगारांकडे घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून आणायला एक बाई होत्या. आम्ही सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. कुणाच्याही घरी गेल्या की त्या आधी पाणी मागून प्यायच्या आणि मगच पहिला प्रश्न विचारायच्या. "तहान नसली तरी पिते सर. माणूस मग मोकळं बोलतो," म्हणायच्या. समोरच्याला रडू आलं की पेन खाली ठेवून थांबायच्या. यात फार वेळ जातो, म्हणून मी त्यांना दोनदा टोकलंही होतं.

अहवाल छापून झाल्यावर त्या माझ्या खोलीत आल्या.

"काय निघालं सर? येऊन सांगीन म्हणून मी सगळ्या कामगारांना शब्द दिलाय."

मी प्रत पुढे केली. त्यांनी चार पानं चाळली. "इंग्रजीत आहे. असू दे, तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

मी सांगायला लागलो. तक्ते आणि सूत्रं बाजूला ठेवल्यावर उरलं ते एवढंच: यंत्रं आली, जुन्या लोकांची कामं गेली आणि नवी मिळाली ती कमी पगाराची.

त्यांनी एक अक्षरही लिहिलं नाही.

"सर, हे तर त्यांनीच मला सांगितलं होतं."

आवाजात टोमणा नव्हता. त्या खरोखरच माझ्या पुढच्या वाक्याची वाट पाहत होत्या. मी घड्याळाकडे पाहिलं आणि मीटिंग आहे म्हणालो. मीटिंग नव्हती.