मावशी गाडीत बसल्या की फेल

"परत फेल, दत्ताभाऊ," पीयूसीवाल्या रफिकभाईनं खिडकीतून डोकं आत घालून सांगितलं. मी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसलो होतो. तीस वर्षं मस्तगडला गॅरेज चालवतोय. पण या एका छोट्या पांढऱ्या गाडीनं आठ दिवसांत तीनदा माझी लाज काढली होती.

गाडी सुमनमावशींची. मावशी म्हणजे रिटायर्ड नर्स. अंबड तालुक्यातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली, आणि मोठी झाल्यावरही त्यांना घाबरतात. मीही घाबरतो. गुडघे गेलेत, पण गाडी स्वतः चालवतात. कुणाचं बीपी बघ, कुठल्या बाळंतिणीकडे जा, हे सगळं त्या गाडीवर चालतं.

गाडी जुनी, कार्बोरेटरची. आरसी रिन्यू करायची होती आणि त्यासाठी पीयूसी पास पाहिजे. सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड किती ते मशीन सांगतं. पेट्रोल अर्धवट जळालं की आकडा चढतो.

मावशींचा आकडा भलताच चढलेला होता. पहिल्या दिवशी त्या तो फेलचा कागद घेऊन तणतणत गॅरेजवर आल्या.

"दत्ता, पोराला शब्द दिलाय मी. आरसी झाली न्हाई तर गाडी स्क्रॅपला द्यायची अन् पुण्याला जायचं. चौथ्या मजल्यावर. तिथं मी काय करू? कबुतरांचं बीपी तपासू?"

"मावशी, गाडी माझ्यावर सोडा."

"अन् दिवाळीपासून पेट्रोल लई पिऊन राह्यली."

"वय झालं तिचं," मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा. मला पुढं ते गिळावं लागलं.

प्लग काढले. टोकं काळी कुळकुळीत. तब्येत बरी असलेल्या गाडीचा प्लग विटकरी दिसतो, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. मी एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर धुतला, ट्यूनिंग केलं. गाडी शिलाई मशीनसारखी चालायला लागली. मावशी स्वतःच ती घेऊन पीयूसीला गेल्या, कारण ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येतो. तासाभरात परत आल्या. फेल.

दुसऱ्यांदा मी कार्बोरेटर खोलून टेबलावर मांडला. सुई बदलली, फ्लोट बदलला. गॅरेजमध्ये गाडी पुन्हा झकास. मावशी गेल्या. फेल. मग मात्र मी रफिकभाईला फोन लावला.

"तुमचं मशीन तपासून घ्या."

"मशीन बराबर हाय, भाऊ. आत्ताच तुमच्या शेजाऱ्याची रिक्षा पास झाली. ती तर तुमच्याहून जुनी हाय."

म्हणून तिसऱ्यांदा मी मावशींसोबत गाडीत बसलो. रस्त्यात पेट्रोलचा वास येत होता, इंजिनही जरा जड वाटत होतं. गॅरेजमधून निघालेली गाडी आणि ही गाडी एकच आहे यावर विश्वास बसेना. आणि व्हायचं तेच झालं.

 मावशी पिशवी उचलून चहासोबत गोळी घ्यायला समोरच्या टपरीवर गेल्या. मी ड्रायव्हरच्या सीटवर सरकलो आणि सेल मारला.

इंजिनाचा आवाज बदलला होता. हलका, एकसारखा.

"रफिकभाई, जरा नळी घाला."

आकडा खाली आला, मर्यादेच्या आत. रफिकभाईनं मशीनवर चापट मारून पाहिली. आकडा तोच. मावशी परत आल्या.

"मावशी, पास झाली."

"मंग काढा की कागद."

"थांबा. आधी तुम्ही बसून बघा."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "म्हंजे माझ्या वजनानं फेल होऊन राह्यली का रे?"

मी उतरलो, त्या बसल्या. आकडा जागेवर. मग सवयीनं त्यांनी हातातली पिशवी डॅशबोर्डखालच्या एका खुंटीला अडकवली, पट्ट्याला दोन वेढे देऊन. इंजिन जड झालं. आकडा चढायला लागला.

ती खुंटी नव्हती. तो चोक होता.

नव्या गाड्यांत चोक दिसत नाही, ते काम कॉम्प्युटर करतो. जुन्या गाडीत थंडीत सकाळी बटण ओढायचं, हवा कमी होते, पेट्रोल वाढतं, गाडी चालू होते. गरम झाली की बटण आत ढकलायचं. मावशींच्या पिशवीच्या पट्ट्याचे वेढे बटणामागे बसले होते. पिशवी लटकली की जुनं, ढिलं झालेलं बटण बाहेर यायचं, काढली की आपोआप आत जायचं. आणि गाडी माझ्याकडे सोडताना त्या पिशवी घेऊन जायच्या. म्हणजे माझ्याकडे गाडी कायम निरोगी. येताना ती पिशवी रस्ताभर माझ्या गुडघ्याला घासत होती. काखेत कळसा, गावाला वळसा.

"ही पिशवी कधीपासून?"

"दिवाळीत बियाणं कंपनीच्या मेळाव्यात मिळाली. जुनीचे बंद लहान व्हते, ती सीटवरच राह्यची."

दिवाळीपासून. मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पिशवी काढून पुन्हा टेस्ट घेतली. पास. मावशींनी कागद दोनदा वाचला, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला आणि डोळ्याला पदर लावला. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. मग त्यांचा नर्सचा आवाज परत आला.

"दत्ता, आम्ही पेशंटला आधी विचारतो, काय खाल्लं, कधीपासून दुखतंय. सुई नंतर. तू डायरेक्ट पोट फाडलंस."

त्याच संध्याकाळी मी डॅशबोर्डला शेजारच्या सीटच्या बाजूनं एक लोखंडी हूक ठोकून दिला. आता गॅरेजमध्ये गाडी आली की बॉनेट उघडण्याआधी मी मालकाला शेजारी बसवून एक चक्कर मारतो. निम्मे बिघाड तिथंच सापडतात.

त्या संध्याकाळी नव्या हुकाला पिशवी अडकवण्याआधी मावशींनी तिच्यातून बीपीचं मशीन काढलं. माझ्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि मान हलवली.

"फेल. सकाळी काय खाल्लं?"

"दोन प्लेट भजे."

"कधीपासून?"

"तीस वर्षं झाली, मावशी."