लाल चौकटीतलं नाव

अक्काची हळदीची गाणी मी पुसली. वीज गेली नाही, संगणक पडला नाही. मीच, नीट चष्मा लावून.

अक्का माझी थोरली बहीण. आमच्यात नवरीला हळद लावताना घराण्यातल्या सात पिढ्यांच्या बायकांची नावं गाण्यात गुंफून म्हणतात, आणि ती सगळी अक्काला एकटीलाच येत. तिच्या नातीचं लग्न संक्रांतीनंतरच्या तई महिन्यात ठरलं तेव्हा ती म्हणाली, लिहून घे. तमिळ मुलखातल्या या गावी, राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीत देवनागरी येणारा मी एकटा, हे मी दर दोन दिवसांनी कुणाला तरी ऐकवत असे. दोन महिने दुपारची ती गायची, मी एका जुन्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये उतरवायचो. कागदावर छापून ठेव, असं ती दोनदा म्हणाली. मी तिला संगणक म्हणजे काय ते समजावलं.

मग तिला झटका आला. हातपाय वाचले, बोलणं वाचलं, गाणी गेली. दोन ओळी म्हणायची, थांबायची आणि निवांतपणे म्हणायची, "पुढचं तुझ्याजवळ आहे."

त्याच आठवड्यात अँटीव्हायरसनं लाल चौकट दाखवली. टायपिंगच्या प्रोग्रॅमवर संशय, आणि खाली एक लांबलचक नाव. ते नाव मी इंटरनेटवर शोधलं. अँटीव्हायरसवाल्यांचं स्वतःचं पान होतं, पण बारीक इंग्रजीत, लुकलुकणारं काही नाही. माझा विश्वास बसेना. त्याखालचं पान मात्र ठळक अक्षरांत सांगत होतं की तुमचा संगणक मोठ्या धोक्यात आहे, आमचा सफाईचा प्रोग्रॅम घ्या, आधी अँटीव्हायरस बंद करा. इतक्या कळकळीनं माझ्याशी बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं. केला बंद. सफाई झाली, गाण्यांच्या फोल्डरसकट.

अक्काला सांगायचा धीर झाला नाही. लग्नाच्या दोन दिवस आधी नात चेन्नैहून आली, तिला सांगितलं. तिनं ते पहिलं पान उघडून पाच मिनिटांत तमिळमध्ये अर्थ लावला. नावाच्या सुरुवातीला 'जेनेरिक' आहे, म्हणजे हा नुसता अंदाज. फाइल पुसू नका, कोंडून ठेवा, दुसरीकडे तपासा, चूक निघाली तर आम्हाला कळवा. जुन्या प्रोग्रॅमवर असा संशय येतोच म्हणे. खरा विषाणू एकच होता, आणि त्याला मी पाहुण्यासारखं दार उघडून आत घेतलं होतं. फोल्डर परत आणायची तिनं खूप खटपट केली. काही आलं नाही.

हळदीला अक्कानं तीन नावं म्हटली. चौथ्याला थांबून माझ्याकडे बघितलं. सगळ्या बायकांनी बघितलं. मी हळदीच्या वाटीत बघत राहिलो. शेवटी नातीनंच अक्काच्या कानात सांगितलं, लाल चौकटीपासून सगळं.

"देवनागरी येते म्हणून तुला बसवलं," अक्का सगळ्यांसमोर म्हणाली. "मला वाटलं, वाचताही येत असेल."