गोलवाल्या काकू

कॉम्प्युटरच्या पडद्यावर गोल फिरू लागला की माणसं चिडतात, माऊस आपटतात. काकू मात्र हात मांडीवर ठेवून त्या गोलाकडे बघत बसायच्या, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशा. बाभुळगावात त्यांचं छोटं नेट कॅफे होतं. नवरा तहसीलमधून निवृत्त झालेला, घरात सगळे नोकरीपेशातले. दुकान टाकणाऱ्या ह्या पहिल्याच. गावानं त्यांचं नाव ठेवलं गोलवाल्या काकू.

मी त्यांच्या अगदी उलटा. सायकलवर गावोगाव फिरून शेतकऱ्यांच्या दारातच कापूस घेत, खेडा खरेदी करत करत धंद्यात वर आलेलो. भाव पाडल्याशिवाय मी चहासुद्धा घेत नसे. एकदा काकूंनाच म्हटलं, "अर्धा वेळ तर व्हिडिओ अडकलाच होता, अर्धेच पैसे घ्या."

"अडकल्याचे नाही घेत, भाऊ," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही ओरडून राह्यले, त्याचे वेगळे लागतील."

कोणी व्हिडिओ चालत नाही म्हणून आला की त्यांचे प्रश्न ठरलेले. "आवाज येते का? चित्र येते का? का दोन्ही बंद?" मग विचारत, "तुम्ही काय काय दाबलं?" प्रत्येक जण सांगे, काहीच नाही. काकू गप्प बसत. थोड्या वेळानं तो माणूस आपणहून सगळं सांगायला लागे. दुरुस्तीची त्यांची रीतही ठरलेली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चालवून बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर रोग कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

कापसाचे ते वाईट दिवस होते. पीक हातचं जात होतं, भाव पडलेला, आणि त्यात बाहेरच्या बाजारात आमच्या भागाचं नाव खराब झालेलं. वजन वाढवायला कापसावर पाणी मारतात म्हणे. मारणारे मारत असतील. मी कधी मारलं नाही, पण दलाल माझ्याशीही त्याच नजरेनं बोलायचे. त्याचा राग माझ्या डोक्यात कायमचा बसलेला.

अशात माझ्या कापसाच्या गाठींची एक गाडी दक्षिणेतल्या गिरणीत अडली. दलालाचा फोन आला: गाठ ओली निघाली, ईमेलवर व्हिडिओची लिंक पाठवली आहे, भाव कमी करून कटती द्या, नाहीतर संध्याकाळी गाडी परत. गाडी परत आली असती तर पुढे माझा माल कोणी उघडूनही पाहिला नसता. आणि कटती दिली तर मी पाणी मारल्याचं कबूल केल्यासारखंच.

माझ्या साध्या मोबाईलवर व्हिडिओ दिसत नसे, म्हणून मी तडक काकूंच्या दुकानात गेलो. बाकी मशीनवर कॉलेजची पोरं-पोरी बसलेली. एकच मशीन मोकळं होतं, कोपऱ्यातलं, सगळ्यात जुनं. त्यावर लिंक उघडली. आवाज आला, "यह देखो, यवतमाल का माल, पूरा गीला." पडदा मात्र काळा.

"मुद्दाम बिघडवून पाठवला साल्यानं!" मी ओरडलो. "काकू, त्या पोरीले उठवा, तिच्या मशीनवर पाहतो."

"ते सगळे पोरं अॅडमिशनचे फॉर्म भरून राह्यले, आज शेवटची तारीख आहे. मी कोणाले नाही उठवत. तुम्ही सरका."

त्यांनी आधी दुसराच एक व्हिडिओ लावला. तोही काळा. "म्हणजे दलालाचा व्हिडिओ चांगला आहे, बिघाड आपल्या मशीनमध्ये आहे," त्या म्हणाल्या. मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये लावून पाहिला. तिथे पडदा हिरवागार. माझा धीर सुटला. मी मोबाईल काढला.

"कोणाले लावता?"

"दलालाले. देऊन टाकतो कटती. कायले मगजमारी?"

"न पाहताच?" काकूंनी पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं. "ठेवा तो फोन. आवाज ऐकून सौदा करता का तुम्ही? माल पाहून करता ना?"

मला त्याचाही राग आला, पण फोन ठेवला.

"चित्र काढायचं काम ब्राउझरनं आतल्या कार्डावर टाकलं आहे," त्या म्हणाल्या. "ते कार्ड आता थकलं. त्याच्याकडून काम काढून घेऊ." सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद केलं, ब्राउझर पूर्ण मिटवला, पुन्हा उघडला. गोल फिरू लागला. काकूंचे हात मांडीवर. त्या दिवशी मीही माझे हात मांडीवरच ठेवले.

चित्र आलं. अडखळत, पण आलं. गिरणीचं गोदाम, फोडलेली गाठ, ओला कापूस पिळून दाखवणारा हात. आणि गाठीभोवती प्लास्टिकची निळी पट्टी.

"थांबवा!" मी उभाच राहिलो. "काकू, ही आपली गाठच नाही! आपल्या प्रेसिंग कारखान्यात गाठी तारेनं बांधतात. पट्टी नाहीच आपल्याकडे."

"मग आता लावा फोन," काकू म्हणाल्या. "पण हळू बोला. पोरं फॉर्म भरून राह्यले."

मी शक्य तितकं हळू बोललो. पट्टीवाली गाठ माझी नाही, गाठीवरचा मार्क वाचा म्हटलं. त्यानं पलीकडे मार्क वाचून घेतला. मग दलाल म्हणाला, "दूसरी गाडी की खुल गई शायद." गाडी त्याच संध्याकाळी रिकामी झाली, एका पैशाची कटती न देता. तसा निरोप आला तेव्हा मी अजून काकूंच्या खुर्चीवरच होतो. उगाच हसू येत होतं. काकूंनी माठातलं पाणी दिलं. मी दोन गिलास प्यालो.

पुढे सगळ्यांच्या हातात इंटरनेटवाले मोबाईल आले. काकूंनी दुकान आवरलं आणि आपल्या मुलीकडे अमरावतीला निघाल्या. भेटायला गेलो तेव्हा त्या वायरी गुंडाळत होत्या.

"त्या दलालानं माफी मागितली का हो कधी?" त्यांनी विचारलं.

"कायची माफी? अजून आठवलं की डोकं फिरते माझं."

काकू हसल्या. "फिरू द्या. पाणी मारणाऱ्याले कायले राग येईल? ज्याचा माल कोरडा असते त्यालेच येते."

इतकी वर्षं धंदा केला, पण माझ्या मालाबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. मी वायरीचं दुसरं टोक धरलं आणि गुंडाळू लागलो.