टाकीचं झाकण
स्पिरिटचा वास आला की संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळातली ती दुपार आठवते. वहिनीला कळा सुरू झाल्या होत्या. दादा तिला गिरगावातून परळच्या इस्पितळात नेत होता, मी मागे तिचा हात धरून बसले होते. जुन्या मोटारीचं इंजिन चढावर खडखडू नये म्हणून दादा पेट्रोलमध्ये स्पिरिट मिसळायचा. नाक्यावर हवालदारानं अडवलं. दारूबंदीचे दिवस, वास त्याच्या नाकात गेलाच. “दारू नेतोस काय रे?” “नाही हो, इंजिनासाठी आहे, बघा,” म्हणत दादानं टाकीचं झाकण उघडलं. हवालदार हुंगायला वाकला, तोच त्याच्या हातातली पेटती विडी दिसली. “अहो, विडी!” वहिनी कळ विसरून ओरडली. त्यानं ती लांब भिरकावली आणि आम्हाला सोडलं. आता पंपावरच इथेनॉल, म्हणजे तेच स्पिरिट, मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्या दिवशी जन्मलेली भाची निवांत टाकी भरून घेते आणि मी सगळ्यांच्या हातांकडे बघत बसते.